जुनी भीती, जुनी काळजी, जुना मंत्रचळ : बरं होणं कशावर ठरतं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या रामबागेत मी अठरा वर्षं समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणारी निम्म्याहून अधिक घरं मराठी आहेत. रामबाग, नारायणबाग, तिलकनगर, सुदामानगर इथली. नवा आजार घेऊन फार थोडे येतात. "बारा वर्षं झाली", "लग्नाआधीपासून आहे", "आईला आम्ही कायम असंच पाहिलंय" अशीच बहुतेकांची सुरुवात असते. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. उदाहरणांतले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझ्या आत्याची गोष्ट मात्र तिला विचारून, जशी घडली तशी सांगितली आहे.

जुन्या कागदावर डॉक्टरांनी "न्यूरोसिस" लिहिलंय. म्हणजे वेड का?

नाही. न्यूरोसिसमध्ये माणसाचं भान सुटलेलं नसतं. हात स्वच्छ आहेत हे त्याला कळतं, तरी धुतल्याशिवाय राहवत नाही. हृदय ठणठणीत आहे हे ईसीजीत दिसतं, तरी आता जीव जाईल असं वाटतं. कळतं पण वळत नाही, असा हा छळ आहे. हा शब्द विल्यम कलेन या स्कॉटिश डॉक्टरने १७६९ साली वापरात आणला. मराठी पुस्तकांत त्याला मज्जाविकृती म्हणतात. मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणाने १९८० मध्ये तो सोडून दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या यादीत एका गटाच्या नावात तो होता, पण २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या यादीत नाही. आता त्या एका शब्दाऐवजी चिंताविकृती, पॅनिक (अचानक येणारे भीतीचे झटके), भयगंड, मंत्रचळ म्हणजे ओसीडी (नको असलेला विचार आणि तो शमवायला तेच तेच करत राहणं), अशी वेगवेगळी नावं वापरतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा, यातलं नेमकं कोणतं? उपचार त्यावर ठरतात.

पंधरा वर्षं झाली. आता काय बरं होणार?

हा प्रश्न विचारताना लोक खाली बघतात. उत्तर आधीच ठरलेलं आहे असं त्यांना वाटत असतं. तसं ते ठरलेलं नाही.

स्वीडनमधल्या गोटेनबर्गमध्ये १९५० च्या दशकात तपासलेल्या ओसीडीच्या १४४ रुग्णांना सुमारे ४० वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं. त्यांतल्या ८३ टक्क्यांत सुधारणा दिसली. जवळपास निम्मे बरे म्हणावेत असे होते, पण पूर्ण लक्षणमुक्त एकूण रुग्णांपैकी फक्त २० टक्के. बऱ्या झालेल्यांपैकी बाकीच्यांत आजाराची थोडी खूण उरली होती, पण ते आपलं आयुष्य जगत होते. यातल्या बऱ्याच जणांचा सुरुवातीचा काळ आजचे उपचार नसतानाचा होता, हेही लक्षात घ्या. अमेरिकेत चिंतेच्या रुग्णांचा १२ वर्षं पाठपुरावा झाला. त्यात बाहेर पडणं न टाळणाऱ्या पॅनिकच्या रुग्णांपैकी ८२ टक्के कधी ना कधी बरे झाले, आणि लोकांत वावरण्याच्या भीतीचे फक्त ३७ टक्के. एकाच कुळातल्या आजारांत एवढा फरक आहे. म्हणून शेजारच्या काकू सहा महिन्यांत बऱ्या झाल्या, मग आपली सून का नाही, ही तुलना करू नका.

आजार उपचाराविना जितका लांबतो तितकं काम कठीण होतं, हे खरं आहे. पण माझ्या अनुभवात वर्षांच्या आकड्यापेक्षा त्या वर्षांत घर आणि आजार यांची जी घडी बसून गेली असते, तीच जास्त आडवी येते. ती घडी मोडता येते. पुढच्या दोन उत्तरांत मुख्यतः हेच सांगायचं आहे.

मग बरं होणं सर्वांत जास्त कशावर ठरतं?

टाळणं थांबतं की नाही यावर.

अडतीस वर्षांचा एक माणूस, दुकानात हिशेब लिहिणारा. दिवाळीच्या आधीच्या गर्दीत राजवाड्यासमोर त्याला पहिला झटका आला. आपल्याकडे मराठी घरांतही याला सरळ "घबराहट" म्हणतात. छाती धडधडली, हातांना मुंग्या आल्या, हा हार्ट अटॅकच असं वाटलं. रिक्षाने दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं ओसरलंही होतं. तपासण्या साफ निघाल्या. पण पुढच्या आठवड्यापासून तो राजवाडा टाळून लांबच्या रस्त्याने जाऊ लागला. मग सिटी बस सोडली. मग एकटं स्कूटर चालवणं सोडलं. माझ्याकडे आला तेव्हा चार वर्षं तो बायकोला मागे बसवल्याशिवाय गल्लीच्या टोकापलीकडे गेला नव्हता. झटके मात्र त्या चार वर्षांत मोजून सहा आले होते. त्याचं आयुष्य झटक्यांनी खाल्लं नव्हतं, टाळण्याने खाल्लं होतं.

असं का होतं? जागा टाळली की लगेच हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणं हे बक्षीस ठरतं. मेंदू शिकतो, "टाळलं म्हणून वाचलो." टाळलं नसतं तरी काही झालं नसतं, हे शिकण्याची संधीच त्याला मिळत नाही. पॅनिकचा झटका साधारण दहाएक मिनिटांत शिखराला पोचतो आणि मग उतरतो. शरीर तो उंचीवर तासन् तास टिकवून धरूच शकत नाही. पण जो चौथ्या मिनिटालाच पळतो त्याला उतार कधी दिसत नाही.

म्हणून उपचारात भीतीला थोड्या थोड्या प्रमाणात सामोरं जायला शिकवतात. त्याने आधी गल्लीच्या टोकाशी एकट्याने दहा मिनिटं उभं राहायचं ठरवलं. मग स्कूटरवरून चौकापर्यंत. राजवाडा सातव्या आठवड्यात आला, तोही सकाळी साडेसात वाजता, पोह्यांच्या ठेल्याशी. धडधड झाली, पण तो निघून गेला नाही. पोहे निवेपर्यंत प्लेट हातात धरून उभा राहिला. तेव्हापासून पुढचा रस्ता सोपा झाला. ओसीडीत याच मार्गाने उपचार होतात, हे लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दाखवलं. त्याआधी हा आजार जवळजवळ असाध्य मानत.

टाळणं नेहमी उघड दिसत नाही. खिशात गोळी ठेवूनच बाहेर पडणं, सिनेमात कडेचीच खुर्ची घेणं, सारखी नाडी बघणं, लग्नात जाऊन मोबाइलमध्ये डोकं घालून बसणं, हेही टाळणंच आहे. शरीर तिथे गेलं, पण मन भीतीशी भिडलं नाही.

घरच्यांनी नेमकं काय करायचं? आम्ही तर सगळं करतो तिच्यासाठी.

तुम्ही सगळं करता, यातच बऱ्याचदा अडचण असते. कठोर वाटेल, म्हणून माझ्याच घरचं सांगते.

आत्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येई. त्या सकाळी आतोबा पाचला उठून हौद, दोन टाक्या आणि चौदा बादल्या भरत. घरात माणसं तीन. एवढं पाणी माणसांना नाही, आत्याच्या हातांना लागे. नळ उघडायच्या आधी ती तोटी धुई, मग हात, मग पुन्हा तोटी, कारण मघाचे हात तिला लागलेले. सात वेळा. मध्ये कोणी हाक मारली की पहिल्यापासून. बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त येई. घराने यावर काय उपाय काढला? आतोबा तोटी उघडून धरू लागले. आतेभाऊ शाळेतून आला की दारातच कपडे काढून थेट न्हाणीघरात जाई. भाजी दोनदा धुतली जाई, नोटा वाळत घातल्या जात. कुणी तिच्यावर कधी ओरडलं नाही. फार प्रेमळ घर होतं ते. आणि आजार दर वर्षी वाढत गेला.

शेजारी म्हणत, "यांचं सोवळं फार कडक आहे हो." आपल्या घरांत मंत्रचळ असाच वर्षानुवर्षं लपतो. मला विचाराल तर दोन्हींतला फरक साधा आहे. सोवळ्याला शेवट असतो. पूजा झाली, नैवेद्य झाला, जेवणं झाली, सोवळं सुटलं. आत्याचं कधी सुटतच नव्हतं.

घराने आजाराच्या नियमांप्रमाणे वागणं, हे आजार टिकवणाऱ्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. पण ही मदत एका दिवसात तोडायची नसते, आणि रुग्णाच्या नकळत तर नाहीच. आम्ही आत्यासोबत बसून यादी केली, आणि सुरुवात कुठून करायची ते तिनेच सांगितलं. पहिल्या आठवड्यात फक्त तोटी. आतोबा ती धरणार नाहीत, एवढंच. पहिल्या दिवशी आत्या मोरीच्या कट्ट्यावर हात अधांतरी धरून चाळीस मिनिटं बसली. आतोबा दारात उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते पुढे झाले नाहीत. शेवटी तिने स्वतः नळ उघडला आणि हात पाच वेळा धुतले. सात नाही, पाच.

घरच्यांच्या बोलण्याचाही परिणाम होतो. भीती आणि ओसीडीच्या रुग्णांवर झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की नातेवाईक माणसाविषयीच राग, तिटकारा दाखवत असतील तर रुग्ण उपचार सोडतात आणि परिणामही वाईट होतात. पण राग न धरता एखाद्या वागण्याबद्दल स्पष्ट नापसंती सांगितली तर तसं नुकसान होत नाही. काही रुग्णांत तर त्याचा फायदाच दिसला. "तू घराचं वाटोळं केलंस" या वाक्याने माणूस आणखी आत जातो. "आज मी तुझ्याऐवजी कुलूप तपासणार नाही, पण तू न तपासता राहशील तोवर इथे तुझ्याजवळ बसते", हे ऐकायला जड असलं तरी ते औषधासारखं काम करतं.

"मला काही होणार नाही ना?" असं दिवसातून तीस वेळा विचारतात. उत्तर द्यायचं की नाही?

एकदा द्या, खरं आणि पुरेसं द्या. दुसऱ्यांदा म्हणा, "हा प्रश्न तुमच्या काळजीचा आहे, याचं उत्तर मी सकाळी दिलंय." मग विषय बदला, चहा टाका, गॅलरीत जाऊन बसा. तिसाव्या उत्तरानेही त्यांचं समाधान होणार नाही, कारण त्यांना माहिती नको असते, खात्री हवी असते, आणि तशी खात्री जगात कुणाकडेच नाही. इंटरनेटवर लक्षणं शोधणं हाही तोच प्रश्न आहे, फक्त मोबाइलला विचारलेला.

गोळ्यांची सवय लागते का? किती दिवस घ्यायच्या?

इथे दोन जातींच्या गोळ्या वेगळ्या करून समजून घ्या. या एका गोंधळामुळे मी किती माणसं वर्षानुवर्षं अडकलेली पाहिली आहेत.

एक जात म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन वगैरे. यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, ओसीडीत दहा-बारा आठवडेही, आणि डोसही बहुधा जास्त लागतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी अस्वस्थता वाढते. नेमकं तेव्हाच "सूट होत नाही" म्हणून लोक सोडून देतात. या गोळ्यांची नशा नसते. बरं वाटल्यावरही चिंता, पॅनिकमध्ये साधारण सहा महिने ते वर्ष, आणि ओसीडीत निदान वर्षभर चालू ठेवतात. बंद करताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. मध्येच सोडल्या की चक्कर, चिडचिड होते आणि आजार उलटण्याची भीती असते.

दुसरी जात अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम यांची. अर्ध्या तासात शांत वाटतं, म्हणून हीच "चांगली गोळी" ठरते. ही थोड्या आठवड्यांसाठी असते. महिनोन् महिने घेतली की शरीर तिच्यावर विसंबतं, विसर पडतो, म्हाताऱ्या माणसांचा तोल जाऊन हाडं मोडतात. आणि सामोरं जायच्या वेळी आधी ही गोळी घेतली तर मेंदू शिकतो की गोळीने वाचवलं. अल्प्राझोलॅम एच-१ अनुसूचीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, तिची विक्री केमिस्टला नोंदवून ठेवावी लागते. तरी एकाच जुन्या चिठ्ठीवर नऊ वर्षं ही गोळी घेत आलेल्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या, आणि त्या काळात कुणीही त्यांना परत तपासलं नव्हतं. तुमच्या घरी असं असेल तर ती एकदम बंद करू नका. झटके, फिट येऊ शकते. मानसोपचारतज्ज्ञाकडून पायरीपायरीने सोडवा.

गोळ्यांविना, नुसत्या बोलण्याने होईल का?

बऱ्याच जणांचं होतं, पण नुसत्या गप्पांनी नाही. भीतीला सामोरं जायचा सराव आणि घरचा अभ्यास असलेलं समुपदेशन हवं. साधारण बारा ते वीस बैठकी धरा. खूप जुना ओसीडी, सोबत गडद उदासी, जेवणझोप गेलेली असेल, तर दोन्ही एकत्र करा. निव्वळ हट्टापायी गोळी नाकारू नका.

"स्वभावच काळजीखोर आहे." मग उपचाराचा काय उपयोग?

स्वभावाचा वाटा आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला १९८० च्या दशकात चिंता, पॅनिक आणि जुनी उदासी असलेल्या २१० लोकांचा अभ्यास सुरू झाला, आणि त्यांचा कित्येक वर्षं मागोवा घेतला गेला. ज्यांच्या व्यक्तिमत्त्वातच सुरुवातीपासून फार अडचणी होत्या, त्यांची प्रगती पुढेही मंद राहिली. मी यातून एवढंच घेते, की अशा माणसाला जास्त वेळ, जास्त बैठकी आणि कमी घाई लागते. काळजीखोर माणूस बरा झाल्यावरही काळजीखोरच राहील. पण त्याची काळजी मुलाच्या परीक्षेपुरती राहील, ती त्याला पलंगाला खिळवून ठेवणार नाही.

लग्न करून दिलं तर सुटेल का? नोकरीचं टेन्शन गेलं तर?

लग्न हे औषध नाही. कृपा करून हे कुणालाही सुचवू नका. लपवून केलेल्या लग्नात दोन माणसं अडकतात. लपवण्याची धास्तीच आजाराला खतपाणी घालते.

मात्र आयुष्यातल्या बदलांनी फरक पडतो, हे खरं. लंडनमधल्या स्त्रियांच्या एका अभ्यासात, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या, एक सुंदर गोष्ट दिसली. उदासीतून बाहेर येणाऱ्यांच्या आयुष्यात आधी नवी आशा देणारं काही घडलेलं होतं. काळजीतून बाहेर येणाऱ्यांच्या आयुष्यात स्थिरता देणारं काही घडलं होतं, नांगर टाकल्यासारखं. हे मी रोज पाहते. भाड्याचं घर दर वर्षी बदलावं लागणाऱ्या एका वहिनींची रात्रीची धडधड, सासरच्या जुन्या वाड्यातली खोली कायमची त्यांच्या वाट्याला आली त्या वर्षी उतरली. उपचार तेच होते, त्याआधी ते टेकत नव्हते. म्हणून मी पहिल्या भेटीतच विचारते, कर्ज किती आहे, घर कुणाच्या नावावर आहे, मारहाण होते का? जिथे भीतीला खरं कारण आहे तिथे आधी ते कारण बघावं लागतं.

नोकरी शक्यतो सोडू नका. सुट्टी घ्या, तास कमी करा, पण दिवसाला आकार देणारं काम हातचं जाऊ देऊ नका.

देवदेव, उपास, अंगारा यांनी गुण येतो का?

श्रद्धेने धीर येतो. खजराण्याच्या गणपतीला जाणाऱ्याला मी कधी अडवत नाही. उलट घराबाहेर न पडणाऱ्यासाठी ती चांगली पहिली पायरी असते. पण बांधून ठेवणं, मारणं, उपाशी ठेवणं, औषध बंद करायला लावणं जिथे असेल तिथून माणसाला घेऊन या. आणि जप हाच मंत्रचळाचा भाग झाला असेल, चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून असं चाललं असेल, तर तो जप वाढवून आजारच वाढतो.

खाणंपिणं, झोप?

थायरॉइड, रक्तातलं लोह, बी-१२ एकदा तपासून घ्या, त्यांच्या बिघाडानेही धडधड आणि थकवा येतो. दिवसाला आठ कप चहा पिऊन धडधडीवर गोळी मागू नका. दारूने संध्याकाळ शांत जाते आणि दुसऱ्या दिवशी काळजी दुप्पट होऊन परत येते. ज्यांचं वर्षभर काही हलत नाही, अशा पुरुषांच्या बाबतीत मी दारूबद्दल पुन्हा एकदा, एकट्यात विचारते. रोज अर्धा तास दमदार चाला.

बरं झालं होतं, पुन्हा उलटलं. म्हणजे सगळं वाया गेलं?

नाही. हे आजार चढउताराचेच असतात. बदली, बाळंतपण, घरातला मृत्यू, दहावी-बारावीचं वर्ष, अशा वेळी जुनी लक्षणं डोकावतात. पहिल्यांदा वर आला होतात त्या पायऱ्या आता माहीत आहेत, म्हणून दुसऱ्यांदा बहुधा कमी वेळ लागतो. फक्त थांबू नका. पुन्हा टाळायला लागलो हे लक्षात आलं, की त्याच आठवड्यात फोन करा. उपचार संपताना मी प्रत्येकाकडून त्याच्या हस्ताक्षरात एक कागद लिहून घेते, माझं बिघडायला लागलं की आधी काय दिसतं. एका काकांनी लिहिलं होतं, "मी पेपर वाचणं बंद करतो." त्यांच्या मिसेस अजून त्यावर लक्ष ठेवून आहेत.

कुठे जायचं? खर्च झेपेल का?

इंदूरला एम. वाय. रुग्णालय आणि बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय या सरकारी जागा आहेत. तिथे जाण्यात कमीपणा काहीच नाही. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, २०२२ पासून, मोफत, चोवीस तास, मराठीतही. मरणाचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा, माणसाला एकटं सोडू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायचं आहे. आपली पॉलिसी काढून वाचा.

आणि हा फक्त तुमच्याच घरातला प्रकार नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशही होता. देशात शंभरातल्या साडेतीन माणसांना या गटातला आजार आढळला, आणि अशा सर्वसाधारण मानसिक आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळालेलेच नव्हते.

तुमच्या आत्या आता कशा आहेत?

हे सगळेच विचारतात. आत्या एकाहत्तर वर्षांची आहे. गोळी अजून चालू आहे, लहान डोस. स्वयंपाकाआधी हात तीनदा धुते, आणि तिसऱ्यांदा धुताना तिला कळत असतं. नळाच्या दिवशी आतोबा आता सहाला उठतात, चार बादल्या भरतात. गेल्या थंडीत ती जावांबरोबर बसने महेश्वरला गेली. घाटावर, इतक्या लोकांचे पाय पडलेल्या पायरीवर बसून तिने ओंजळीने नर्मदेचं पाणी प्यायलं, आणि ओले हात साडीलाच पुसले.